आत

भिशी लागली, तशी खानापुरातून सकाळची बस धरली.
मांडीवर जुना, पट्ट्यासकट, टॉवेलात गुंडाळलेला,
डॉक्टरकडे मांजर न्यावं तसा.

चौदा वर्षं.
ग्रिपचं रबर सुटलं, ते पंक्चरवाल्या मकबूलनं
सोल्युशन लावून दोनदा बसवलं.
आत कौलभट्टीची धूळ, कितीही फुंकली तरी तिथलीच रहिवासी,
आणि उजवीकडे वर एक तांबडा ठिपका,
जो मी तीन वर्षं झाली
एकेका नवऱ्याच्या फेट्यावरून
रात्री बसून पुसतो.

बेळगावात पद्मण्णानं काउंटरवर वायर जोडली.
आकडा आला. तीन लाख अकरा हजार सहाशे चार.
“इतक्यांदा दाबलास? किती वर्षं ह्योच वापरूलालास रे?”
मी मनात हिशेब धरला:
निम्मे डोळे मिटलेले,
पाच-सहा हजार जेवणाच्या पंगती, कुणी न मागितलेल्या,
आणि हलशीच्या त्या लग्नातले नऊशे,
ज्यांचे पैसे यायचेत अजून.

मग त्यानं तीन बॉडी मांडल्या, मऊ कापडावर.
हा चोविसाचा, अंधारात बघतो.
हा पंचेचाळिसाचा, नथीतला मोती न् मोती मोजील,
पण फाइली ठेवायला तुला दुसरं घर बांधावं लागंल.
आणि हा तुझ्याच घराण्यातला, थोडा धाकटा,
हुबळीच्या कुणाचा तरी, एका कोपऱ्यावर पडलेला, स्वस्त.
जुन्या लेन्सा नव्याला चालतील,
मध्ये एक कडं घालायचं, सोयरीक जुळवल्यागत.

मी हातात घेतले, ठेवले, परत घेतले.
नव्यात आरसा नाही म्हणे.
मेनूत जगातल्या तीसेक भाषा,
माझ्या पाटीवरची वरची नाही, खालचीही नाही.

मागच्या खोलीत चिन्नव्वा बसलेली, पेन्शनच्या फॉर्मला फोटो पाहिजे.
“हिच्यावरच बघ चालवून.”
पडद्यापुढं ती ताठ झाली,
पदर कानामागं, हात गुडघ्यांवर,
श्वास आत ओढून धरलेला.
आमच्याकडची म्हातारी माणसं अशीच बसतात,
खटाक् ऐकू येईपर्यंत.

मी दाबलं.
काही वाजलं नाही.
परत दाबलं. चार, पाच, नऊ.
हिरवी चौकट तिच्या डोळ्याला चिकटून बसलेली,
इतकं नेमकं मला जन्मात साधलं नव्हतं.
पण ती तशीच, गाल फुगलेले, चेहरा तांबूस,
आणि मग दातांच्या फटीतून, ओठ न हलवता,
“आतेनपा?”

“आत, यव्वा, आत.”
ती फुस्स करून सैल पडली, हसली,
आणि मी तसाच उभा.
तिच्या बोलीत आत म्हणजे झालं.
माझ्या बोलीत आत म्हणजे आत.
फोटो दोन्हीकडून आत होता,
श्वास मात्र मी विनाकारण
तिच्या छातीत डांबून ठेवला होता, नऊ फोटोभर.

पद्मण्णा म्हणाला, आवाज सुरू करता येतो,
खोटा, छोट्या स्पीकरातून. त्यानं करून दाखवला.
डास चावायच्या आधी वाजतो, तेवढा.
चिन्नव्वाला तो गेलाच नाही.

चोविसाचा घेतला. बाकीचं सहा हप्त्यांत.
जुन्याचे नऊ हजार देतो म्हणाला,
मी म्हटलं, बघू, पुढच्या खेपेला,
आणि टॉवेल परत गुंडाळला.

शुक्रवारी नंदगडात साखरपुडा होता.
पहिल्या रांगेत आत्या, मावश्या, काके,
सगळ्यांनी एकदम पोटं आत घेतली.
मी दाबलं, शांत,
आणि जिभेनं टाळूवर
वाजवलं, खटाक्.
मुलीचा धाकटा भाऊ माझ्या तोंडाकडं बघत राहिला.
एकूण एका फोटोत तो
लेन्सच्या वर बघतोय.